वॉशिंग्टनने पत्ता मुरवला

मर्सेदेस गावात कुणाचं काही बिघडलं की लोक दुरुस्त करणाऱ्याला नंतर बोलावतात, आधी सल्ला द्यायला जमतात. वॉशिंग्टन बिदेगाइनला हे जन्मापासून ठाऊक होतं. तरीही आपला इंटरनेटचा पत्ता बदलायचा विषय त्याने बायकोच्या दुकानात, शनिवारी सकाळी, गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना काढला. माणसाचे ग्रह फिरले की तोंड आपोआप उघडतं.

वॉशिंग्टनचा धंदा गावातल्या दुकानदारांची पत्रं ईमेलने गावभर पाठवण्याचा. दारावर 'बिदेगाइन डिजिटल संपर्क सेवा' अशी पाटी होती. ती वाचून आत शिरणाऱ्याला वाटे, आता मोठं ऑफिस लागेल. प्रत्यक्षात मागच्या अंगणात, मांस भाजायच्या चुलीला लागून एक खोली होती आणि तिच्यात एक यंत्र रात्रंदिवस घुरघुरत असे. औषधवाला, बोचास या चेंडूंच्या खेळाचा क्लब, अंत्यविधीची व्यवस्था करणारे असे त्याचे ग्राहक. या शेवटच्यांच्या पत्रांना कुणी उत्तर देत नसे, पण त्याबद्दल त्यांची तक्रारही नसे.

त्याचं सर्वांत मोठं आणि एक पैसाही न देणारं गिऱ्हाईक म्हणजे त्याची बायको माबेल. तिचं ताज्या पास्त्याचं दुकान, तिच्या वडिलांनी काढलेलं. त्यांच्या देशात महिन्याच्या एकोणतीस तारखेला घरोघरी न्योकी खातात. न्योकी म्हणजे बटाट्याचे बोटाच्या पेराएवढे उकडलेले गोळे. ताटाखाली एक नोट ठेवायची आणि वर ते खायचे, म्हणजे पुढचा महिना बरकतीचा जातो. गावाची बरकत होत होती की नाही देव जाणे, माबेलची मात्र होत होती. तिचा अख्खा महिना त्या एका दिवसावर उभा असे, आणि तो दिवस वॉशिंग्टनने सकाळी पाठवलेल्या पत्रावर.

आणि गेले दोन महिने ते पत्र लोकांच्या स्पॅमच्या डब्यात जाऊन पडत होतं. एकोणतीस तारीख यायची, न्योकीचे ट्रे भरायचे आणि भरलेलेच राहायचे. मग घरात सकाळ-संध्याकाळ न्योकी. उकडलेले, तळलेले, चीज घातलेले, शेवटी नुसतेच. बटाटा हा शब्द ऐकला तरी वॉशिंग्टनच्या घशाशी यायला लागलं.

दुसऱ्या खेपेला माबेल चिडली नाही, हेच वाईट होतं. तिने हात पुसले आणि शांतपणे म्हणाली, "या एकोणतीसला पुन्हा असंच झालं तर मी दुकान बंद करते. सुपरमार्केटवाल्यांनी तयार जेवणाच्या काउंटरवर बोलावलंय. कागदी टोपी घालावी लागेल, एवढंच."

ती टोपी त्यांनी देऊनही ठेवली होती. माबेलने ती दुकानातल्या खिळ्याला, वडिलांच्या फोटोशेजारी टांगली. येता-जाता वॉशिंग्टनला ती दिसे. तीस वर्षं ज्या बाईच्या हातचं गाव खात आलं, तिने असली टोपी घालून दुसऱ्याचं शिळं वाढायचं, या विचाराने त्याला खरंच रडू येई. पण तो बिदेगाइन डिजिटल संपर्क सेवेचा मालक असल्यामुळे रडायच्या ऐवजी त्याने इंटरनेटच्या कंपनीला फोन लावला.

फोनवरच्या माणसाने निदान केलं. वॉशिंग्टनचं यंत्र ज्या पत्त्यावरून पत्रं पाठवत होतं तो पत्ता जुन्या पद्धतीचा, आणि एकट्या वॉशिंग्टनचा नव्हताच. जुने पत्ते जगभर कधीच संपलेत, म्हणून एकेका पत्त्यावर चार-चार बिऱ्हाडं कोंबलेली. त्यातला एक शेजारी टकलावर केस उगवणारं तेल विकत होता आणि लाखो लोकांना रोज तेच पत्र पाठवत होता. त्यामुळे मोठ्या मेलवाल्या कंपन्यांनी तो पत्ताच बदनाम ठरवला होता.

"पण मी तर न्योकी विकतो!" वॉशिंग्टन म्हणाला.

"त्यांना दार दिसतं, साहेब. आत कोण राहतं ते दिसत नाही. मोठमोठे पत्र पाठवणारे आता नव्या, सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यांकडे चाललेत. तिथे जागाच जागा. तुम्हाला एकट्याला अख्खी आळी देतो."

टकलावरच्या तेलामुळे आपल्या सासऱ्यांचं दुकान बुडावं, हे वॉशिंग्टनला फार लागलं. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर केस बेताचेच होते, त्यामुळे जास्तच लागलं.

तर तो शनिवार. वॉशिंग्टनने नवा पत्ता कागदावर लिहून दुकानात आणला होता. आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून आठ गट, मध्ये विसर्गासारखी दोन-दोन टिंबं. मालगाडी जावी तसा तो कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता.

"हा पत्ता आहे?" निबियाबाईंनी चष्मा लावला. या समोरच्याच घरात राहणाऱ्या, विधवा, आणि रोज आकड्यांच्या लॉटरीचं तिकीट घेणाऱ्या. "यातला शेवटचा आकडा कुठला धरायचा रे?"

"निबियाबाई, ही लॉटरी नाहीये."

"सगळीच लॉटरी असते, बाळा. तू शेवटचा सांग."

कासिमिरो मास्तर म्हणजे निवृत्त स्टेशनमास्तर. त्यांच्या स्टेशनावर आता गाडी येत नाही, पण ते अजून वेळेवर जातात. त्यांनी कागद हातात घेऊन गंभीरपणे पाहिला. "एवढा लांब पत्ता लक्षात कोण ठेवणार? आमच्या वेळी स्टेशनांना तीन अक्षरं असायची. एकही गाडी चुकली नाही."

"मास्तर, तुमच्या वेळी गाड्या किती होत्या?"

"दोन. पण एकही चुकली नाही."

एवढ्यात माबेलचा भाऊ विल्मार आला. विल्मारकडे एक जुनी मोटार होती आणि तिच्या टपावर भोंगा. कुणाकडे सेल लागला, कुणाची कोंबडी हरवली, की तो गावातून ओरडत फिरे. म्हणजे धंद्याने तो वॉशिंग्टनचा प्रतिस्पर्धी आणि नात्याने मेव्हणा. एका माणसाला छळायला याहून सोयीचा हुद्दा नाही.

"दाजी," तो म्हणाला, "एवढा खटाटोप कशाला? माझा भोंगा आहे ना. भोंग्याला स्पॅमचा डबा नसतो."

"विल्मार, हा सभ्य व्यवहार आहे. यात ओरडत नाहीत."

"म्हणून तर कुणाला ऐकू येत नाही!"

दुकान हसलं. माबेलही हसली असं वॉशिंग्टनला वाटलं, पण तिने लगेच पिठाकडे तोंड फिरवलं.

पत्ता मिळाला तरी तो चालायला एक नोंद करावी लागते. नुसता आकडा दिला की त्यावरून मालकाचं नाव निघालं पाहिजे, म्हणजे पलीकडच्यांना खात्री पटते. वॉशिंग्टन त्यासाठी कंपनीच्या खिडकीशी गेला. खिडकीतल्या बाईने एक फॉर्म दिला. त्यात पत्त्यासाठी चौकट होती, पण ती आखली होती जुन्या, आखूड पत्त्याच्या मापाने. नवा पत्ता अर्ध्यातच संपला.

"पत्ता चौकटीत बसत नाही हो," वॉशिंग्टन म्हणाला.

"मग लहान पत्ता लिहा."

"लहान पत्ते संपलेत. म्हणूनच तर हा फॉर्म आहे!"

"बरोबर आहे. नव्या पत्त्यासाठी हाच फॉर्म."

"मग चौकट वाढवा ना."

बाईने त्याच्याकडे दयेने पाहिलं. "चौकट राजधानीतून येते."

शेवटी उरलेला पत्ता समासात लिहायचं ठरलं. मग समासात लिहिलेलं यंत्र वाचत नाही असं कळलं. मग दोन फॉर्म भरायचे, अर्धा पत्ता यावर आणि अर्धा त्यावर. मग एका माणसाला दोन फॉर्म चालत नाहीत, म्हणून दुसरा माबेलच्या नावावर. अशा रीतीने त्या आळीचा पूर्वार्ध वॉशिंग्टनचा आणि उत्तरार्ध बायकोचा झाला. घरातही साधारण तशीच वाटणी असल्यामुळे त्याने हरकत घेतली नाही. यावर मंजुरीचं पत्र ईमेलने येईल, असं बाई म्हणाली. तो वाट पाहत राहिला. पत्र येईना. शेवटी ते सापडलं वॉशिंग्टनच्या स्वतःच्या स्पॅमच्या डब्यात, टकलावरच्या तेलाच्या खाली. याबद्दल त्याने घरी अवाक्षरही काढलं नाही.

आता शेवटची पायरी. कोऱ्या पत्त्याला जगात कुणी ओळखत नाही. पहिल्याच दिवशी त्यावरून गावभर पत्रं सोडली तर मेलवाल्या कंपन्यांना वाटतं, हा कोण उपटसुंभ? म्हणून आधी थोडी पत्रं पाठवायची, तीही हमखास उघडणाऱ्या, उत्तर देणाऱ्या माणसांना. मग हळूहळू वाढवायची. मग पत्त्याला अब्रू येते.

हे गावाला समजवायचं कसं, तर वॉशिंग्टनला एक युक्ती सुचली. दुकानात माते, म्हणजे वाळक्या भोपळ्याच्या कपातून नळीने प्यायचा कडू पाल्याचा चहा, हातोहात फिरत होता. वॉशिंग्टनने स्वतःचा भोपळा वर धरला. "हा नवा असताना तुम्ही यात लगेच माते प्यायलात का? नाही. आधी ओली पत्ती भरून ठेवली, मुरवला, आणि मग प्यायलात. पत्त्याचंही तसंच. तो मुरवावा लागतो. तुम्ही सगळ्यांनी मदत करायची."

उपमा फार चांगली होती. इतकी चांगली, की पत्ता बाजूलाच राहिला.

"ओली पत्ती कसली!" निबियाबाई म्हणाल्या. "भोपळ्याला आतून लोणी लावावं लागतं."

"लोण्याने कुजतो," मास्तर म्हणाले. "राख."

"राख? तोंडात राख जाईल, मास्तर!"

"चाळीस वर्षं जातेय. काय झालं मला?"

"तेच तर विचारतेय!"

विल्मारने दारू घालावी असं सुचवलं आणि दोन तट पडले. औषधवाला दुकान उघडं टाकून लोण्याच्या बाजूने येऊन उभा राहिला. दुपार झाली तेव्हा कुठे वॉशिंग्टनला पुन्हा बोलायची संधी मिळाली. त्याने एवढंच सांगितलं, "रोज माझं एक सरावाचं पत्र येईल. ते उघडायचं आणि 'आलं' एवढंच उत्तर द्यायचं. विसरायचं नाही. माबेलसाठी."

माबेलचं नाव निघाल्यावर लोण्याचे आणि राखेचे सगळे गप्प झाले. मास्तरांनी छातीवर हात ठेवला. "चुकणार नाही," ते म्हणाले.

आणि खरोखर चुकले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पत्रं जायला लागली आणि उत्तरं यायला लागली. मास्तरांचं उत्तर स्टेशनच्या नोंदीसारखं असे: 'पत्र आलं. वेळेवर. वारा दक्षिणेचा.' निबियाबाई तोंड धुवायच्या आधी 'आलं' लिहीत आणि मग खिडकीतून ओरडून पुन्हा सांगत. औषधवाला औषध देता देता गिऱ्हाइकाला विचारी, "तुम्हाला आजचं आलं का?" वॉशिंग्टन रोज थोडी नावं वाढवत गेला. ज्यांची नावं अजून यादीत नव्हती त्यांना अपमान वाटायला लागला. बोचासच्या क्लबचे लोक तक्रार घेऊन आले, की वरच्या आळीला पत्र येतं आणि आम्ही काय पाप केलं?

त्यातच निबियाबाईंनी नव्या पत्त्यातला शेवटचा आकडा लॉटरीला लावला आणि तो लागला. त्या दिवसापासून सहाव्या आवृत्तीवर मर्सेदेसचा जो विश्वास बसला, तो ती शोधून काढणाऱ्यांचाही नसेल.

रोज लिहायचं काय, हाही प्रश्न होता. 'हे सरावाचं पत्र आहे' एवढंच किती दिवस लिहिणार? वॉशिंग्टन मग मजकुरात जरा रंग भरायला लागला. आज थंडी कशी पडलीय, उद्या काय शिजवावं. लोक वाचायचे. "तू तर लेखक निघालास," मास्तर म्हणाले, आणि वॉशिंग्टन त्या संध्याकाळी केस विंचरून फिरायला गेला. विंचरण्यासारखं फारसं नव्हतं, पण भावना होती.

एकोणतीस तारीख उजाडली. माबेल पहाटेपासून बटाटे कुस्करत होती. तिने या वेळी नेहमीपेक्षा जास्तच केले होते. जायचंच असेल तर हात आखडून कशाला जा, असं तिच्या मनात असावं. वॉशिंग्टनने घसा खाकरला, जणू पत्र नाही, भाषणच करायचंय, आणि बटण दाबलं. 'आज एकोणतीस. माबेलचे न्योकी तयार आहेत, मऊ, गरम, जसे तिचे वडील करायचे. संध्याकाळच्या जेवणासाठी आत्ताच ऑर्डर द्या.'

मग त्याने डोळे मिटले.

उत्तरं आली. अशी आली, की यंत्राची घुरघुर वाढली. एकही पत्र परत आलं नव्हतं, एकही स्पॅममध्ये गेलं नव्हतं. सगळ्या गावाने पत्र उघडलं होतं. वॉशिंग्टन मोजाही न चढवता, चपला फटफटवत दुकानात धावला. "माबेल! पोचलं! सगळ्यांना पोचलं! सगळ्यांची उत्तरं आलीत!"

माबेलचे हात पिठात होते. तिचा चेहरा महिन्याभरात पहिल्यांदा उजळला. "ऑर्डरी किती आल्या?"

वॉशिंग्टनने फोन उघडला. वाचायला लागला. 'आलं.' 'आलं.' 'आलं हो.' 'इनबॉक्समध्येच आलं, अभिनंदन.' मास्तर: 'पत्र आलं. वेळेवर. आकाश ढगाळ. आजचा मजकूर विशेष रुचकर.' आणि निबियाबाई: 'आलं रे बाळा. आज तर अगदी खऱ्यासारखं लिहिलंयस!'

तो खाली खाली सरकत गेला. ऑर्डर एकही नव्हती.

"काय झालं?" माबेलने विचारलं.

"त्यांना वाटतंय," वॉशिंग्टन कसाबसा म्हणाला, "त्यांना वाटतंय हा सराव आहे."

माबेलने एकवार ट्रेंकडे पाहिलं, एकवार खिळ्यावरच्या टोपीकडे.

वॉशिंग्टनने लगेच दुसरं पत्र सोडलं: 'हा सराव नाही.' ताबडतोब उत्तरं आली: 'हेही आलं.' त्याने फोन लावायला सुरुवात केली. फोन उचलल्या उचलल्या माणसं म्हणत, "आलं, आलं, उत्तर दिलंय!" आणि ठेवून देत. त्यांना कामं होती. औषधवाला तर जरा रागावलाच. "एका दिवसात दोनदा उत्तर दिलं, आता फोनवर पण देऊ का?"

दुपार टळली. दुकानासमोर भोंग्याची मोटार येऊन थांबली. विल्मारने काच खाली केली. त्याने सगळं ऐकलं होतं. गावात न ऐकलेलं काही राहत नाही.

"दाजी," तो म्हणाला, "बसताय?"

वॉशिंग्टनने आतल्या ट्रेंकडे पाहिलं, मग बायकोच्या पाठीकडे, आणि गाडीत बसला. विल्मारने माईक त्याच्या हातात दिला.

"तूच बोल ना," वॉशिंग्टन म्हणाला.

"छे! तुमचं पत्र, तुमचा आवाज. पैसे नकोत मला. फक्त शेवटी म्हणायचं: 'विल्मारचा भोंगा, पोचायची हमी.'"

"हे मी मेलो तरी म्हणणार नाही."

"मग उतरा."

गाडी निघाली. चर्चच्या चौकात, जिथे वॉशिंग्टन आयुष्यात कधी मोठ्याने शिंकलासुद्धा नव्हता, तिथे त्याचा आवाज चारी भिंतींवर आदळला. "शेजाऱ्यांनो! सकाळचं पत्र खरं होतं! पुन्हा सांगतो, खरं होतं! न्योकी आहेत! खरेच आहेत! नुसतं 'आलं' म्हणू नका, या!" मग विल्मारच्या कोपराचा धक्का, आणि पडक्या आवाजात, "विल्मारचा भोंगा, पोचायची हमी."

हे त्याने प्रत्येक चौकात म्हटलं. प्रत्येक वेळी विल्मार म्हणाला, "जरा जीव ओतून."

खिडक्या उघडल्या. निबियाबाई घरातल्या सपातांवरच पातेलं घेऊन धावत आल्या. "अरे, मग सांगायचं नाही का! मी भात टाकला ना!"

"पत्रात लिहिलं होतं, निबियाबाई!"

"लिहिलं होतं रे, पण लिहिलेलं खरं असतं हे कुणाला माहीत!"

मास्तर आले ते टोपी, कोट घालून. "सूचना देण्यात त्रुटी राहिली," ते म्हणाले, "पण गाडी आली, हे महत्त्वाचं." आणि पातेलं पुढे केलं. औषधवाला आला, क्लबचे आले, अंत्यविधीवालेही आले, आणि त्यांना कुणी रांगेत आपल्यामागे उभं राहू देईना. माबेल दोन्ही हातांनी वाढत होती. तिच्या गालाला पीठ लागलं होतं आणि ती भराभरा बोलत होती, प्रत्येकाला नावाने. वॉशिंग्टन काउंटरमागे पिशव्या बांधत होता. जो येई तो त्याच्याकडे पाहून म्हणे, "पोचायची हमी!" त्याने मान वर करायची सोडून दिली.

अंधार पडता पडता ट्रे रिकामे झाले. दुकानाची फळी लावून ती दोघं मागच्या स्वयंपाकघरात आली. टेबलावर दोन ताटं होती. माबेलच्या ताटात न्योकी, वर टोमॅटोचा रस्सा. वॉशिंग्टनच्या ताटाखाली रीतीप्रमाणे नोट सरकवलेली, आणि ताटात काहीच नव्हतं.

"माझे?" त्याने विचारलं.

"ज्यांनी ऑर्डर दिली त्यांना मिळाले."

"अगं, पण मी..."

माबेलने फोन त्याच्यापुढे धरला. पत्र पोचतं की नाही ते पाहायला त्याने यादीत स्वतःचंही नाव घातलं होतं. त्याचंही उत्तर तिथे होतं, सगळ्यांत पहिलं. 'आलं. इनबॉक्समध्येच. उत्तम.'

वॉशिंग्टन बसला. माबेलने आपल्या ताटातले निम्मे त्याच्या ताटात लोटले. तिच्या मागे दुकानात जायचं आतलं दार उघडं होतं. भिंतीवर वडिलांचा फोटो होता, शेजारचा खिळा रिकामा होता.

"टोपी कुठेय?"

"चूल पेटवायला कागद कमी पडला," माबेल म्हणाली. "खा. आणि पुढच्या महिन्यात पत्र पाठव, पण विल्मारला आधी सांगून ठेव."

वॉशिंग्टनने मान खाली घालून पहिला घास घेतला. कितीतरी दिवसांनी त्याला बटाटा गोड लागला.